हूल आणि आग : पन्हाळ्यापासून साठमारीपर्यंत

कोल्हापुरात मिरवणूक कसलीही असो, अंधार पडला की एक क्षण हमखास येतो. हलगीचा ठेका बदलतो, लाठ्या फिरवणारी पोरे बाजूला होतात आणि एकजण मधोमध येऊन बनेठीची दोन्ही टोके पेटवतो. लोक आपसूक चार पावले मागे सरतात. काठी फिरू लागते आणि काठीच्या जागी आगीची दोन चाके दिसतात. मोबाइल वर होतात, शिट्ट्या पडतात. निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगतो, ‘हीच ती शिवकालीन युद्धकला!’

लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलो. पण त्यावर विचार करायला लावले ते माझ्या भाच्याने. तो पुण्यात शिकतो. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा मित्रांना घेऊन माडीवर टेबलाभोवती बसला होता. फासे, कागद, पेन्सिली आणि मोठमोठ्याने चाललेले वाद. खेळ अमेरिकी, नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूने एकेक पात्र घ्यायचे, त्याच्या तोंडून बोलायचे, लढायचे, आणि वार लागला की हुकला हे फाशावर ठरवायचे. वाद असा होता : एकाच्या पात्राकडे पेटती तलवार होती आणि हूल देण्याचे कौशल्यही. दोन्ही एकाच वारात वापरले तर फायदा कसा मोजायचा?

भाचा माझ्याकडे आला. ‘मामा, तू तालमीत जात होतास ना? मर्दानी खेळात हूल देऊन आगीचा वार करतात का?’

त्याच्या खेळाचा नियम मी समजून घेतला. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो स्पष्ट आहे. हूल द्यायची तर आपल्या थाप मारण्याच्या कौशल्यावर फासा टाकायचा. समोरच्याने तुमचा डाव ओळखण्याच्या कौशल्यावर टाकायचा. तुम्ही जिंकलात तर पुढच्या वारापुरती त्याची चपळाई बचावाच्या हिशेबातून वजा होते. पेटत्या शस्त्राचा हिशेब वेगळा. वार लागला तर नेहमीच्या इजेत सहा बाजूंच्या एका फाशाइतकी आगीची इजा वाढते. म्हणजे हूल वार लागायला मदत करते आणि आग लागलेल्या वाराची इजा वाढवते. वहीत दोन रकाने, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

टेबलावर ही विभागणी सोयीची आहे. इतिहासात मात्र हे रकाने असे वेगळे राहत नाहीत. आपल्या परिसरातला आणि बाहेरचा जो दाखला तपासावा, त्यात आग जितक्या वेळा मारायला वापरली तितक्याच वेळा, कदाचित जास्तच, ती फसवायला वापरलेली दिसते. पुष्कळदा आग हीच हूल असते. हे कसे, ते पाहू.

हूल म्हणजे काय

‘हूल’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकल्यासारखे करून उजवीकडच्या गड्याला शिवतो, ती हूल. गावात शत्रू आल्याची खोटी आवई उठते, तीही हूल. एक देहाने दिलेली, दुसरी तोंडोतोंडी पसरलेली. दोहोंत गोष्ट एकच : समोरच्याने न घडणारी गोष्ट खरी मानावी आणि तिच्या तयारीत स्वतःला गुंतवून घ्यावे.

लाठी शिकवताना वस्ताद आधी पवित्रे घोटून घेतात, मग वार आणि वार अडवणे, हूल त्यानंतर. डोक्यावरचा वार दाखवायचा आणि नडगीवर मारायचा, हा तिचा साधा पाठ. पण नुसती काठी वर नेऊन चालत नाही. खांदा त्या दिशेला गेला पाहिजे, नजर गेली पाहिजे, पाऊल पडले पाहिजे. समोरच्याचे हात डोके वाचवायला वर उठले की मगच खाली जागा मोकळी होते. आणि आपली काठी अर्ध्या वाटेवरून परत फिरवता आली पाहिजे. म्हणून हुलीची किंमत हत्याराच्या वजनात मोजावी लागते. जड हत्यार एकदा सुटले की सुटले. दांडपट्ट्यात तर मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत बसते, मनगट वळतच नाही. त्यामुळे पट्टा फिरवणाऱ्याची हूल हातात नसते, पायांत आणि कमरेत असते.

ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे दाखले नीट उलगडतात. हूल चालायला तीन गोष्टी लागतात : दाखवायला काहीतरी ठळक, विश्वास ठेवायला कारण, आणि खरी हालचाल लपवायला आडोसा. रात्री यांतल्या दोन गोष्टी आग एकटी पुरवते. तिच्याइतके ठळक काही नसते, आणि तिच्या उजेडाबाहेरचा अंधार अधिकच दाट होतो. पेटता टेंभा पाहिलेल्या डोळ्याला अंधाराची सवय पुन्हा व्हायला कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्या मिनिटांत लढाया फिरल्या आहेत.

पन्हाळा, १६६०

कोल्हापूरकराला हुलीचा धडा द्यायला लांब जावे लागत नाही. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. आदिलशाहीचा हा सरदार चिवट होता. पावसाळा आला तरी वेढा ढिला पडला नाही. त्याच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले. त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. त्यांनी दारूगोळा आणला आणि व्यापारी म्हणून तटस्थ राहण्याऐवजी आपले निशाण फडकावत गडावर गोळे डागले.

आगीच्या हत्याराचा हा सरळ वापर होता. त्याने गड पडला नाही. शिवाजी महाराज गडाबाहेर पडले ते दारूगोळ्याच्या जोरावर नव्हे, तर हुलीच्या जोरावर. आधी तहाचे बोलणे सुरू झाले. गड खाली करून द्यायचा म्हटल्यावर चार महिने ताणून धरलेला वेढा एका रात्रीपुरता सैलावला. हूल इथेच अर्धी लागू पडली होती, कारण थकलेल्या सैन्याला जे खरे असावेसे वाटते तेच तिने सांगितले. मग १२ जुलैच्या पावसाळी रात्री महाराज मोजक्या मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते की पालख्या दोन होत्या. दुसरीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद होता. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस. पाठलाग करणाऱ्यांनी ती पालखी पकडली, आणि फसवणूक उघड झाली तेव्हा त्याने प्राण दिले. त्या वेळात खरी पालखी पुढे सरकली होती.

लाठीच्या भाषेत सांगायचे तर डोक्यावरचा वार दाखवला आणि नडगीवर मारला. फरक इतकाच की इथे दाखवलेला वार अर्ध्या वाटेवरून परत येणार नव्हता. शिवा काशीदला ते ठाऊक होते. टेबलावरच्या खेळात हूल फुकट असते, फासा उलटा पडला तर फारतर एक पाळी जाते. इतिहासात ती कोणाच्या तरी जिवावर दिली जाते, हा फरक भाच्याला मी आधी सांगितला.

त्याच रात्रीच्या पुढच्या टप्प्यावर आग पुन्हा येते, पण वेगळ्या कामासाठी. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला अडवून धरले ते विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत, ही कथा घरोघर माहीत आहे. त्या तोफा कोणाला मारण्यासाठी डागल्या नव्हत्या. तो निरोप होता. एकाच प्रसंगात आगीची दोन रूपे दिसतात : रेव्हिंग्टनचा गोळा, जो मारायला आला आणि काही ठरवू शकला नाही; आणि विशाळगडची तोफ, जिने कोणालाच मारले नाही पण सगळे सांगितले.

इंग्रजांच्या त्या गोळ्यांचा हिशेब पुढे चुकता झाला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर मारले, वखारीतल्या इंग्रजांना कैद केले आणि १६६३ पर्यंत सोडले नाही.

पन्हाळा मात्र तेव्हा हातचा गेला होता. तो परत आला १६७३ च्या मार्चमध्ये, आणि तोही हुलीनेच. कोंडाजी फर्जंद अवघ्या ६० निवडक गड्यांसह रात्री कडा चढून वर गेला. वर पोचल्यावर चहूबाजूंनी कर्णे फुंकले गेले, असे सांगतात. गडावर झोपेतून उठलेल्यांना ६० माणसे दिसली नाहीत, कर्णे ऐकू आले. आणि कर्ण्यांच्या आवाजावरून त्यांनी सैन्य मोजले. जयराम पिंडे यांनी या विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्यच रचले.

बैलांच्या शिंगांवरचे पलिते

आगच हूल होते त्याचा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय दाखला कात्रजच्या घाटातला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला, खानाची बोटे तुटली, महाराज निसटले. आख्यायिका पुढे सांगते की कात्रजच्या डोंगरात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले होते. मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाला गेले. छापा हा पक्का इतिहास. बैलांची गोष्ट लोकपरंपरेतली. दोन्ही एकाच दमात सांगण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हा भेद नोंदवून ठेवतो.

पण ही युक्ती अशक्य कोटीतली नाही. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत एका खोऱ्यात कोंडला गेला होता. बाहेर पडायची खिंड रोमनांनी धरली होती. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की हॅनिबलने सुमारे २,००० बैल निवडले, त्यांच्या शिंगांना वाळक्या फाट्यांच्या मोळ्या बांधल्या आणि रात्री त्या पेटवून बैलांना शेजारच्या डोंगरधारेवर हाकलले. खिंडीतल्या रोमनांना वाटले, सैन्य वरून निघाले. ते खिंड सोडून उजेडाकडे चढले. हॅनिबल रिकाम्या खिंडीतून निघून गेला.

यातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रोमनांचा मुख्य सेनापती फेबियस यालाही ते दिवे दिसले. त्याला डावाचा वास आला. आणि डाव असावा म्हणूनच तो रात्री छावणीबाहेर पडला नाही. म्हणजे विश्वास ठेवणारे चुकीच्या जागी धावले आणि संशय घेणारा जागेवर बसला. हॅनिबलला दोन्ही हवेच होते. भाच्याच्या खेळात डाव ओळखणारा बचावतो. इथे ओळखणाराही हरला.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. इसवी सनापूर्वी २७९ मध्ये चीनमधल्या छी राज्याचे जिमो हे शहर वेढ्यात होते. तिथला सेनापती थ्येन तान. त्याची हकीकत सिमा छ्येन या इतिहासकाराने दिली आहे. थ्येन तानने आधी शरणागतीचे बोलणे लावले. वेढा घालणारे आनंदले, पहारे सैलावले. मग एका रात्री त्याने १,००० बैल बाहेर सोडले. अंगावर रंगीत नक्षीची वस्त्रे, शिंगांना पाती, शेपटीला तेलात भिजवलेले बोरू. शेपट्या पेटल्या तसे उधळलेले बैल छावणीत घुसले आणि त्यांच्या मागून सैनिक.

भाच्याच्या प्रश्नाचे खरे पान हे आहे. इथे हूल आधी येते आणि बचाव काढून घेते. आग नंतर येते आणि इजा करते. दोन रकाने, दोन फासे. त्याच्या खेळाचा नियम जिमोला तंतोतंत लागू पडतो. हॅनिबलला मात्र तो लागू पडत नाही, कारण तिथे आगीची इजा शून्य आहे आणि तरी सगळे काम आगीनेच केले आहे. तहाच्या बोलण्याने सैलावलेला पन्हाळ्याचा वेढा आणि शरणागतीच्या बोलण्याने सैलावलेला जिमोचा वेढा यांतले साम्यही लक्षात घ्यावे. देश वेगळे, काळात जवळपास दोन हजार वर्षांचे अंतर. पण थकलेल्या माणसाला काय ऐकावेसे वाटते ते बदललेले नाही.

साठमारीतली आग

युद्ध सोडून आता खेळाकडे येऊ. कारण भाच्याने विचारले होते ते खेळाबद्दल, आणि हूल व आग एकत्र आणणारा खराखुरा खेळ आपल्याकडे होता.

हत्तींच्या झुंजी हा मोगल दरबाराचा आवडता शौक. झुंजणारे दोन मस्त हत्ती सोडवायचे कसे? त्यासाठी चरखी असे. बांबूच्या टोकाला बसवलेले दारूचे चक्र. पेटवले की गरगर फिरत ठिणग्या आणि आवाज ओकते. फ्रेंच प्रवासी बर्निए याने औरंगजेबाच्या काळातल्या अशा झुंजींचे वर्णन करताना चरखीचा उल्लेख केला आहे. १६३३ मध्ये आग्र्याला झुंजीतला सुधाकर नावाचा हत्ती कोवळ्या वयाच्या औरंगजेबावर चालून आला, तेव्हाही त्याला आवरण्यासाठी दारूकाम पेटवले गेले होते. चरखीने हत्ती जखमी होत नसे. तो दचके, नजर वळे, पाऊल अडे. तेवढेच पाहिजे असे.

बडोद्याच्या गायकवाडांनी हा शौक पुढे चालवला आणि त्यात माणूस उतरवला. तीच साठमारी. मस्त हत्ती रिंगणात, आणि समोर साठमार. हातात भाला किंवा फडके. हत्तीला डिवचायचे, अंगावर घ्यायचे आणि शेवटच्या क्षणी बगल द्यायची. हत्ती सरळ धावला तर माणसाला गाठतो. पण त्या देहाला झटकन वळता येत नाही. म्हणून साठमार सरळ पळत नाही. एका बाजूला झुकतो, हत्ती वळू लागला की दुसरीकडे निसटतो आणि भिंतीतल्या अरुंद फटीत शिरतो. माणूस मावेल आणि हत्ती मावणार नाही अशा बेताची ती फट.

खंडेराव गायकवाडांच्या वेळी बडोद्याला आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ही साठमारी पाहिली आणि तपशीलवार लिहिली. रिंगणात काही जणांच्या हाती लांब काठ्यांना बांधलेले दारूकाम असे. त्यांचे काम हत्तीला छळण्याचे नव्हते. एखादा साठमार पडला किंवा कोंडीत सापडला तर पुढे धावून हत्तीच्या डोळ्यांसमोर आग धरायची. हत्तीचे लक्ष क्षणभर आगीकडे जाई, आणि तेवढ्यात पडलेला माणूस उठून निघे.

हूल आणि आग यांचा इतका चोख मिलाफ मला दुसरीकडे आढळला नाही. साठमार स्वतःच्या अंगाने हूल देत होता. ती फसली तर दुसरा माणूस आगीने हूल देत होता. आणि ही दुसरी हूल कोणाला मारण्यासाठी नव्हती, सोबत्याला वाचवण्यासाठी होती.

कोल्हापुरात साठमारी रुजवली ती राजर्षी शाहू महाराजांनी. बडोद्याशी त्यांचे नाते होते; १८९१ मध्ये त्यांचा विवाह झाला त्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या. १८९४ मध्ये महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. कुस्तीसाठी त्यांनी खासबाग मैदान बांधले हे सर्वांना माहीत आहे. साठमारीची आगडही त्याच हौसेतली. मैदान मातीचे, भिंती दगडी, आणि माणूस आत शिरेल एवढ्याच फटी. खेळ कधीच थांबला. आज तो थांबलेलाच बरा. मुक्या प्राण्याला चिडवून रंगवलेली करमणूक आपल्या मनालाही पटणार नाही आणि कायद्यालाही. पण ‘साठमारी’ हे नाव शहरात आजही पत्त्यात लिहिले जाते. त्या दगडातली फट म्हणजे हुलीला दिलेले दगडी रूप आहे, हे तिथून रोज जाणाऱ्यांतल्या कितीजणांच्या ध्यानात येत असेल?

आगीपुढे हूल चालत नाही तेव्हा

एक दाखला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, आणि तोही पन्हाळ्याचाच आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर राज्यातल्या गडकऱ्यांनी उठाव केला. सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले. ओलीस हाती असला की शत्रूचे हात बांधले जातात, हा हिशेब जुन्या काळात चुकला नसता. पण इंग्रजांनी मोठ्या तोफा आणल्या, तटाला खिंडार पाडले आणि १ डिसेंबर १८४४ रोजी गड घेतला. नंतर चार दरवाजा पाडून टाकला. १६६० मध्ये इंग्रजांच्या गोळ्यांनी जे झाले नव्हते ते १८४४ मध्ये झाले.

यातून निघते ते एवढेच : हूल चालायला समोरच्याला कुठेतरी निवड करावी लागली पाहिजे, इकडे पाहू की तिकडे. ज्याच्याकडे सगळीकडे एकदम मारायची ताकद आहे त्याला निवड करावीच लागत नाही. हूल हे अल्पबळाचे शस्त्र आहे, आणि त्यालाही मर्यादा आहेत. पन्हाळ्याचे पडके दरवाजे त्या मर्यादेची खूण आहेत. त्यानंतर गडांवरचे युद्ध संपले. हत्यारे उरली ती पेठांच्या तालमींत.

बनेठीचे खरे काम

आता सुरुवातीच्या मिरवणुकीकडे. पेटती बनेठी ही युद्धाचे हत्यार म्हणून कशी आहे?

तालमीत मी दोन वर्षे काढली. बनेठी म्हणजे हलकी काठी, दोन्ही टोकांना कापडाचे गोळे. पेटवायची तर गोळे तारेने आवळून रॉकेलमध्ये भिजवायचे आणि जास्तीचे रॉकेल झटकून टाकायचे, नाहीतर ते फिरवणाऱ्याच्याच अंगावर उडते. टोके जड होतात, म्हणजे वार अर्ध्यातून परत आणणे अवघड. काठी हळू फिरली तर ज्योतच सांगते की वार कुठून येतोय. हूल द्यायची सोय उरत नाही. शिवाय अंधारात फिरवणारा स्वतः उजळून निघतो आणि त्याला भोवतालचे दिसत नाही. आमचे वस्ताद सांगायचे, ‘जाळाकडं बघू नगंस, जाळाच्या पल्याड बघ.’ पहिल्यांदा पेटती बनेठी हातात घेतली तेव्हा मी जाळाकडेच पाहिले. उजवी भुवई करपली आणि घरी आईने महिनाभर तालीम बंद केली.

पण काठी वेगात फिरली की गोष्ट बदलते. ज्योतीची ठिपक्यासारखी जागा नाहीशी होते आणि सलग वर्तुळ दिसते. त्या वर्तुळात काठीचे टोक या क्षणी कुठे आहे हे समोरच्याला कळत नाही. म्हणून तो मागे सरतो, आणि फिरवणारा गर्दीतून वाट काढत पुढे जातो. मिरवणुकीत लोक आपसूक चार पावले मागे जातात तेच बनेठीचे खरे काम आहे. ती कोणाला जाळत नाही. जळेल असे वाटायला लावते. हॅनिबलचे बैल, बडोद्याची चरखी आणि कोल्हापूरची बनेठी एका कुळातली आहेत.

म्हणून निवेदकाचे ‘शिवकालीन युद्धकला’ हे वाक्य मला खटकते. त्यात आपल्या इतिहासाचा गौरव कमीच होतो. पन्हाळ्याच्या वेढ्यातून माणूस सुटला तो जाळ फिरवून नव्हे, तर शत्रूच्या मनात काय चालले आहे ते ओळखून. लाठीतली हूल हे त्या ओळखीचे सर्वांत लहान रूप, आणि तेच आज तालमीतून पातळ होत चालले आहे. पेटती बनेठी दोन महिन्यांत फिरवता येते आणि तिचा व्हिडिओ छान निघतो. हूल यायला वर्षे लागतात. समोर तितकाच तयार गडी लागतो. आणि प्रेक्षकाला ती दिसतही नाही, कारण दिसली तर ती हूल कसली? टाळ्या ज्याला पडतात ते टिकते. आगीने शत्रूचे डोळे दिपवायचे होते. आता आपलेच दिपले आहेत. वस्तादांच्या पिढीकडे हुलीचे जे बारकावे आहेत, खांदा कधी टाकायचा, नजर कुठे ठेवायची, खोटे पाऊल किती खोल टाकायचे, ते कुठे लिहिलेले नाहीत. ते त्यांच्यासोबत जातील. पेठेपेठेच्या तालमींनी प्रदर्शनाइतकाच वेळ जोडीच्या सरावाला दिला आणि त्याची चित्रफीत व नोंद ठेवली तर हे वाचेल. हे काम खर्चाचे नाही, सवडीचे आहे.

भाच्याला मी उत्तर दिले ते असे : ‘हूल देऊन पेटता वार केलास तर दोन्ही फायदे धर, जिमोत तसे झाले आहे. पण तुमच्या खेळात एक नियम कमी आहे. आग हातात असेल तर हूल देण्याचा फासाच वेगळा पडला पाहिजे. हळू फिरवलीस तर उणे, जोरात फिरवलीस तर अधिक. आणि सोबती पडला असेल तर कोणालाही इजा न करता नुसती आग दाखवून त्याला उठवता आले पाहिजे.’

त्याने ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी फराळ झाल्यावर म्हणाला, ‘मामा, साठमारीची ती फट बघायला जाऊ या का?’ आम्ही चालत गेलो. तो फटीत आडवा होऊन आत शिरला. मला मात्र आता जमले नाही.